चागोस बेटांची हकिगत

आपल्या गावच्या शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा असेलच. त्या नकाशात मुंबईवर बोट ठेवा आणि बोट सरळ खाली, दक्षिणेकडे न्या. आधी लक्षद्वीप लागेल, मग मालदीव. तिथेच थांबू नका. विषुववृत्त ओलांडून आणखी थोडे खाली गेलात की निळ्या रंगात टाचणीने टोचावेत तसे काही ठिपके दिसतील. पुष्कळ नकाशांत तर तेही नसतात. हीच चागोस बेटे. मुंबईपासून सुमारे तीन हजार किलोमीटर आणि मालदीवपासून सुमारे पाचशे. या ठिपक्यांवरून इंग्लंड आणि मॉरिशस या दोन देशांत साठ वर्षे तंटा चालला आणि तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. त्याची हकिगत आज आपल्याला सांगायची आहे.

आता कोणी म्हणेल, इतक्या दूरच्या बेटांशी आपले काय नाते? नाते आहे, आणि तेही दगडाचे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्हापासून झाला, हे शाळेतली मुलेही सांगतील. भूशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून हा लाव्हा वर आला, तिच्यावरून भारताची भूमी हळूहळू उत्तरेकडे सरकत गेली. मागे समुद्राच्या तळाशी ज्वालामुखींची एक रांग राहिली. तिच्यावरच लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस उभी आहेत. मॉरिशस आणि रियुनियन ही त्याच माळेतली शेवटची बेटे. ज्वालामुखी थंड झाले, बुडाले, आणि त्यांच्या माथ्यावर पोवळ्यांच्या किड्यांनी आपली घरे बांधली. म्हणून चागोसला डोंगर नाही, नदी नाही. कंकणासारखी वाकडी, अरुंद पांढरी जमीन आणि मध्ये शांत पाणी. भूगोलाच्या पुस्तकात या पाण्याला खाजण म्हणतात. बेटे साठाच्या आसपास, पण सगळ्यांची मिळून जमीन साठ चौरस किलोमीटरही भरणार नाही. तिच्यातली निम्मी एकट्या दिएगो गार्सिया या बेटाची. उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर पेरोस बान्होस आणि सालोमन हे दोन गट आहेत. ही तीन नावे ध्यानात ठेवावीत.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज खलाशांना ही बेटे माहीत झाली, पण वस्ती कोणी केली नाही. वस्ती केली ती फ्रेंचांनी, अठराव्या शतकाच्या शेवटी. मॉरिशस तेव्हा फ्रेंचांचे होते. तिथल्या मळेवाल्यांनी मोझांबिक आणि मादागास्करकडचे गुलाम आणून चागोसवर नारळाचे मळे उभे केले. आणि पाहा, याच सुमारास मुंबईचे नाव या कथेत येते. १७८६ साली मुंबईच्या कंपनी सरकारने दिएगो गार्सियावर ठाणे घालण्यासाठी गलबते पाठवली. फ्रेंचांनी हरकत घेतली, आणि थोड्याच महिन्यांत ती मंडळी परत आली. तरी बेटांची मोजणी झाली. ती करणारा मुंबई आरमाराचा अधिकारी आर्चिबाल्ड ब्लेअर. पुढे याच माणसाने अंदमानची पाहणी केली आणि त्याच्या नावावरून तिथल्या बंदराला पोर्ट ब्लेअर म्हणू लागले. २०२४ साली त्या शहराचे नाव श्रीविजयपुरम झाले. पण आपल्याकडच्या कितीतरी घरांत पोर्ट ब्लेअर हे नाव सेल्युलर तुरुंगामुळे ठाऊक आहे.

१८१० साली इंग्रजांनी मॉरिशस जिंकले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने मॉरिशसबरोबर चागोसही त्यांच्याकडे आले. १८३५ साली तिथली गुलामगिरी संपली. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मग हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर गेले. त्यांत आपल्या कोकणपट्टीतले मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणेशचतुर्थी करतात. काही भारतीय चागोसलाही पोचले. आफ्रिकी, मालागासी आणि भारतीय रक्ताची अशी सरमिसळ होऊन पाच-सहा पिढ्यांत तिथे एक वेगळाच समाज तयार झाला. त्यांची बोली क्रिओल आणि धर्म बहुतेकांचा ख्रिस्ती.

त्यांचे जिणे कोकणातल्या श्रोत्यांना चटकन समजेल. पुरुषांनी नारळ पाडायचे आणि सोलायचे, बायकांनी ते फोडून खोबरे काढायचे, ते वाळवायचे, घाण्यातून तेल गाळायचे. घाण्याला बैलाऐवजी गाढवे. काम अंगावरचे. ठरलेला आकडा संपला की उरलेला दिवस आपला. मग मासेमारी, घरामागची भाजी, कोंबड्या, डुकरे. मजुरी थोडी, पण तांदूळ, पीठ, मीठ, तेल मळ्याच्या मालकाकडून मिळे. सुखाचा संसार होता असे म्हणता येणार नाही, कारण मालकाचा शब्द हाच तिथला कायदा. परंतु उपाशी कोणी नव्हते, आणि वाडवडिलांच्या थडग्यांवर फुले ठेवायला जागा होती. बोट वर्षातून थोड्याच वेळा येई. जगाच्या बातम्या किती उशिरा पोचत पाहा. १९१४ च्या ऑक्टोबरात, मद्रासवर तोफा डागून गेलेली एम्डन ही जर्मन युद्धनौका दिएगो गार्सियाला लागली. बेटावर अजून कोणाला युद्ध सुरू झाल्याचेच ठाऊक नव्हते! लोकांनी शत्रूची आनंदाने सरबराई केली आणि जर्मनांनीही मळ्याच्या व्यवस्थापकाची बिघडलेली मोटारबोट दुरुस्त करून दिली.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे समुद्रविमानांचा तळ ठेवला होता. युद्ध संपले, तळ उठला. पण हिंदी महासागराच्या मधोमध असलेली ही जागा लष्करी लोकांच्या ध्यानात राहिली ती राहिलीच.

आता १९६५ साल. वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत होत्या आणि मॉरिशसची पाळी जवळ आली होती. अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा होता, पण जिथे लोक राज्यकर्त्यांना जाब विचारतील अशी जागा नको होती. सप्टेंबरात लंडनमध्ये स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना इंग्लंडचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे पुढारी शिवसागर रामगुलाम यांची भेट घेतली. चागोस सोडून द्या, असे सांगणे होते. स्वातंत्र्य मागायला आलेल्या माणसाने काय करावे? मोबदला तीस लाख पौंडांचा ठरला, आणि संरक्षणासाठी गरज उरणार नाही तेव्हा बेटे परत देऊ, असे आश्वासन मिळाले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी राणीच्या हुकमाने एक नवी वसाहत जन्माला आली. तिचे नाव ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश. चागोसबरोबर सेशेल्सची अल्डाब्रा, फार्कर आणि देरोश ही बेटेही तिच्यात घातली. ती १९७६ साली सेशेल्सला परत मिळाली. वसाहती मोडायच्या काळात ही वसाहत नव्याने घडवली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याच डिसेंबरात ठराव करून मॉरिशसचे तुकडे पाडू नका, असे बजावले. १९६८ च्या १२ मार्चला मॉरिशस स्वतंत्र झाले, पण चागोसवाचून.

१९६६ च्या करारान्वये दिएगो गार्सिया अमेरिकेला वापरायला दिले. उघड भाडे नव्हते. पण पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या खरेदीत इंग्लंडला एक कोटी चाळीस लाख डॉलरची सूट मिळाली, आणि ही गोष्ट अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींनाही बराच काळ कळू दिली नाही.

राहता राहिली माणसे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे वसाहतीत कायमचे रहिवासी असतील तर त्यांच्या हिताचा जाब द्यावा लागतो. म्हणून लंडनच्या अधिकाऱ्यांनी कागदावर एक युक्ती केली. इथे कायमचे कोणी राहतच नाही, सगळे कंत्राटी मजूर आहेत, असे त्यांनी म्हणायचे ठरवले. पाच पिढ्यांची थडगी असलेल्या गावाला तात्पुरती छावणी म्हणण्यासारखेच हे झाले. अल्डाब्रा बेटावरही विमानतळाचा बेत होता. तिथल्या प्रचंड कासवांसाठी आणि पक्ष्यांसाठी शास्त्रज्ञांनी ओरड केली, पैशाची टंचाईही आली, आणि १९६७ साली तो बेत सुटला. चागोसच्या माणसांसाठी असे ओरडणारे त्या वेळी कोणी पुढे आले नाही.

सुरुवात गुपचूप झाली. औषधपाण्यासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे तिकीट मिळेना. पेरोस बान्होसच्या रिटा बांकूल यांची लहान मुलगी गाडीच्या चाकाखाली पाय सापडून जखमी झाली. १९६८ साली तिला उपचारासाठी मॉरिशसला नेले, पण ती वाचली नाही. दुःख पोटात घालून आईबाप परत निघाले, तर बोटीच्या कचेरीत सांगितले गेले, तुमचे बेट विकले आहे, आता जाता येणार नाही. पुढे १९७१ साली कायदाच केला की परवान्यावाचून तिथे कोणी राहायचे नाही. त्या वर्षी दिएगो गार्सिया रिकामे केले. लोकांची पाळीव कुत्री धरून वायूने मारली. माणसांना एकेक पेटी घेऊन बोटीत चढवले. १९७२ साली सालोमन आणि १९७३ साली पेरोस बान्होस ओस पडले. सारे मिळून दीड ते दोन हजार जीव मॉरिशसच्या आणि सेशेल्सच्या धक्क्यावर उतरले. हाताला नारळाखेरीज दुसरे काम ठाऊक नव्हते. पुष्कळांच्या वाट्याला पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्या आल्या. घर तुटल्याने जी झुरणी लागते तिला त्यांच्या बोलीत ‘साग्रें’ म्हणतात. त्या झुरणीनेच आमची माणसे मेली, असे म्हातारी मंडळी सांगत.

इंग्लंडने मॉरिशसला पुनर्वसनासाठी साडेसहा लाख पौंड दिले, पण ते लोकांच्या हाती पडायला पाच-सहा वर्षे गेली. बायका रस्त्यावर आल्या, उपाशी बसल्या, पोलिसांचा मार खाल्ला. १९८२ साली आणखी चाळीस लाख पौंड मिळाले. त्या वेळी घेतलेल्या अंगठ्यांखालचा मजकूर इंग्रजीत होता, आणि परत जाण्याचा हक्क आम्ही सोडला, असा त्याचा अर्थ होता. न वाचता आल्यामुळे कागदावर अंगठा देऊन जमीन घालवणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

रिटाबाईंचा मुलगा ऑलिव्हिए बांकूल धंद्याने विजेचा कारागीर. त्याने इंग्लंडच्या न्यायालयात दावा लावला. २००० साली निकाल त्याच्या बाजूने झाला. लोकांना आपल्याच प्रदेशातून घालवणे बेकायदा, असे न्यायालयाने म्हटले. मात्र २००४ साली सरकारने राणीच्या हुकमाने बंदी पुन्हा घातली, आणि २००८ साली लॉर्ड्सच्या सभेतील पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी सरकारची बाजू उचलून धरली.

मग मॉरिशसचे सरकार जगापुढे गेले. २०१९ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तेरा विरुद्ध एक मताने अभिप्राय दिला. चागोस तोडले ते मॉरिशसच्या लोकांच्या खऱ्या इच्छेने नव्हे, आणि इंग्लंडने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा, असा त्याचा आशय. मे महिन्यात आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी तो उचलून धरला. भारताने मॉरिशसच्या बाजूने मत दिले. १९७१ साली हिंदी महासागर शांततेचा टापू राहावा असा ठराव झाला होता, तेव्हापासूनच या तळाविषयी भारताची नाराजी होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, नागरिकशास्त्राच्या तासाला या प्रदेशाचे उदाहरण जरूर द्या. तिथली राज्यपद्धती अशी, की कमिशनर लंडनमध्ये बसणार आणि कायदे त्याच्या सहीने व्हायचे. विधिमंडळ नाही, निवडणूक नाही, कारण मतदारच नाहीत. बेटावर तीन हजार मीटरहून लांब धावपट्टी, अमेरिकन सैनिक आणि बाहेरून आणलेले कामगार. १९९१ च्या आखाती युद्धात, २००१ साली अफगाणिस्तानवर आणि २००३ साली इराकवर बॉम्ब टाकणारी विमाने तिथून उडाली. सरकार आहे, ध्वज आहे, टपाल तिकिटे आहेत. फक्त प्रजा नाही.

२२ मे २०२५ रोजी इंग्लंड आणि मॉरिशस यांनी तहावर सह्या केल्या. सार्वभौमत्व मॉरिशसचे, आणि दिएगो गार्सियाचा तळ नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने इंग्लंडकडे, असे त्यात ठरले. भाडे सरासरीने वर्षाला दहा कोटी दहा लाख पौंड. तह अमलात येण्यास दोन्ही देशांची मंजुरी लागते. आता चागोसचे लोक आनंदले असतील असे तुम्हांला वाटेल. काही आनंदले, कारण पेरोस बान्होस आणि सालोमनवर पुन्हा वस्ती करण्याची वाट त्यात आहे. पण काहींनी विचारले की, १९६५ साली आम्हांला कोणी विचारले नाही, आणि आताही सह्या करणारे दुसरेच. इंग्लंडात राहणाऱ्या दोन चागोसी स्त्रियांनी तर सही होऊ नये म्हणून त्याच दिवशी न्यायालयाचे दार ठोठावले.

एखादी जमीन कोणाची, या प्रश्नाला राज्ये नकाशा आणि तह काढून उत्तर देतात. तेही लागतेच. पण धरणासाठी किंवा कारखान्यासाठी गाव उठलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ठाऊक आहे की नकाशात न दिसणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे तिथे कोणाची चूल पेटत होती. २०२२ च्या फेब्रुवारीत मॉरिशसच्या बोटीतून काही चागोसी माणसे पेरोस बान्होसला उतरली. त्यांनी वाळूला ओठ लावले, पडक्या चर्चभोवतालचे रान तोडले आणि थडगी साफ केली. जवळ जवळ पन्नास वर्षांनी त्या बेटावर त्यांना कोणाची परवानगी विचारावी लागली नव्हती.

उद्या शाळेत नकाशा उघडाल तेव्हा मुलांना ते ठिपके दाखवा, आणि तिथे कोण राहत होते तेही सांगा.