उज्जयिनीचा धन्वंतरी आणि घरचा डॉक्टर

महाकालेश्वराच्या दर्शनास उज्जयिनीला जाणाऱ्या आपल्या बांधवांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते की, ज्या मंदिरापुढे आपण हात जोडतो त्याच्या पुनर्बांधणीशी एका सारस्वताचे नाव निगडित आहे. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात, राणोजी शिंद्यांच्या अमलात, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी ते पुण्यकर्म सिद्धीस नेले. परंतु त्या नगरीचे आपल्या समाजाशी आणखी एक नाते आहे. ते दगडमातीचे नसून विद्येचे आहे, आणि ते जोडणारा पुरुष व्यवसायाने डॉक्टर होता.

विक्रमादित्याच्या सभेतील नवरत्नांची परंपरा सर्वांस ठाऊक आहे. ‘ज्योतिर्विदाभरण’ या ग्रंथात त्यांची जी नामावली येते, तीत कालिदास व वराहमिहिर यांच्याही आधी पहिले नाव धन्वंतरीचे आहे. ही नऊ माणसे एका काळची नव्हेत, हे संशोधकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. तथापि लोकस्मृतीने राजाच्या भोवती कवी, कोशकार व ज्योतिषी बसविताना वैद्याला वगळले नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. राज्य चालविणाऱ्या पुरुषाचे शरीर व मन जाणणारा कोणीतरी त्याच्याजवळ असला पाहिजे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

आयुर्वेदाने हे तत्त्व शास्त्ररूपाने मांडले. चरकाने औषधयोजनेच्या जोडीस ‘सत्त्वावजय’ म्हणजे मनास अहितकर विषयांपासून आवरून धरणे, ही स्वतंत्र चिकित्सा मानली. सुश्रुतसंहिता तर सांगते की, आईबापांविषयी व पुत्रांविषयीही शंका बाळगणारा रोगी वैद्याच्या हाती मात्र निःशंकपणे स्वतःस सोपवितो. म्हणून वैद्याने त्यास पोटच्या पोराप्रमाणे जपावे. घरच्या डॉक्टराचे सारे कर्तव्य या एका विचारात सामावलेले आहे.

या उज्जयिनीच्या रत्नांचा काळ शोधण्यास ज्या आधुनिक पंडितांनी प्रथम हात घातला, त्यांत डॉक्टर भाऊ दाजी लाड अग्रगण्य होत. मूळचे गोव्यातील मांद्र्याचे हे सारस्वत कुटुंब मुंबईस आले तेव्हा अगदी गरीब होते. मुंबईस 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि 1851 मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत भाऊ होते. दिवसभर रोगी पाहावेत आणि उरलेल्या वेळात पोथ्या, नाणी व शिलालेख यांत बुडून जावे, असा त्यांचा क्रम असे. 1860 मध्ये त्यांनी कालिदासावर निबंध वाचला. 1865 मध्ये आर्यभट, वराहमिहिर प्रभृती ज्योतिर्विदांच्या कालनिर्णयाविषयी त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. उज्जयिनीच्या वराहमिहिराचे निधन शके 509 मध्ये, म्हणजे इसवी सन 587 मध्ये, झाल्याचा उल्लेख त्यांनीच विद्वानांपुढे ठेवला.

मात्र मुंबईच्या घराघरांत त्यांची ओळख पुराणवस्तूंचे पंडित म्हणून नव्हती. डॉक्टर होऊन गेलेले त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्या साहाय्याने ते गोरगरिबांस विनामूल्य औषध देत. त्या काळी महारोग झालेल्या माणसास घर सोडावे लागे, आणि कर्ता पुरुष असल्यास तो ही व्याधी होईल तितके दिवस अंगरख्याखाली लपवी. भाऊंनी अशा रोग्यांस जवळ केले व कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा प्रयोग चालविला. या उपचाराचा तपशील त्यांनी वेळीच जाहीर केला नाही, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु याच वर्गातील तेल पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर महारोगावर वापरले जात होते.

घरच्या डॉक्टराच्या कसोटीचा खरा प्रसंग मात्र 1862 चा होय. ‘सत्यप्रकाश’ पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांच्यावर एका वैष्णव महाराजांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. त्या खटल्यात भाऊ दाजी व आणखी एक डॉक्टर प्रतिवादीच्या बाजूने साक्षीस उभे राहिले, आणि आपण फिर्यादीवर उपदंशाचे उपचार केले होते असे त्यांनी शपथेवर सांगितले. करसनदास निर्दोष ठरले.

या साक्षीचा विचार करताना मन द्विधा होते. रोग्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर आणणे वैद्याच्या धर्मास शोभते काय? त्या वेळच्या इंग्लिश कायद्यात वकिलास गुप्तता राखण्याचा जो अधिकार होता, तो डॉक्टरास नव्हता. प्रश्न विचारला गेला की उत्तर देणे प्राप्तच होते. शिवाय पुरुषाने लपविलेला उपदंश त्याच्या एकट्याचा राहत नाही. तो निरपराध पत्नीस व पोटातील बालकास जडतो. म्हणून भाऊंना दोष देण्यास आमची लेखणी धजत नाही. तरीही असे वाटते की, या कोड्याचे उत्तर न्यायालयात नसून घराच्या ओसरीवर आहे. लज्जेने रोग दडविण्यापूर्वीच पुरुषाला मोकळेपणाने बोलता येईल असा डॉक्टर असला, म्हणजे साक्षीची पाळी सहसा येत नाही.

आजही पुरुषाची ही लपविण्याची वृत्ती गेलेली नाही. लपविण्याची वस्तू तेवढी बदलली आहे. रक्तदाब, मधुमेह, मद्यपान व मनाची खिन्नता घरातील कर्ता पुरुष कोणास सांगत नाही. सरकारी नोंदीनुसार 2022 मध्ये भारतात आत्महत्या केलेल्या दर 10 जणांत 7 हून अधिक पुरुष होते. मोठमोठ्या रुग्णालयांत हृदयाचा तज्ज्ञ हृदय पाहतो आणि डोळ्यांचा डोळे. परंतु या माणसाची नोकरी सुटली आहे, मुलीचे लग्न लांबले आहे, रात्री त्यास झोप नाही, हे ठाऊक असणारा जुना डॉक्टर शहरांतून विरळ होत चालला आहे. खोकल्याचे औषध देता देता “घरी सर्व ठीक ना?” असे विचारणारा तोच होता, आणि पुष्कळदा त्या प्रश्नानेच निम्मे काम होई.

देवस्थानांच्या उत्सवप्रसंगी आपल्या संस्था आरोग्यशिबिरे भरवितात, हे स्तुत्य आहे. परंतु शिबिर एका दिवसाचे असते, आणि विश्वास एका दिवसात उत्पन्न होत नाही. प्रत्येक कुटुंबाने जवळचा एक डॉक्टर आपला मानावा, वडिलांनी वर्षातून एकदा स्वतःहून त्याच्याकडे जावे व मुलांसही नेण्याची वहिवाट ठेवावी. आपल्या कुलोपाध्यायाचे नाव जसे मुलांस माहीत असते, तसे या डॉक्टराचेही असावे.