खजिना वाहणारे आणि हिशेब लिहिणारे

भ्रष्टाचार हा शब्द आपल्याकडे बहुधा नीतीच्या अंगाने उच्चारला जातो. माणसे लोभी झाली, जुनी सचोटी गेली, म्हणून सच्छील माणसे निवडून द्या, असा उपदेश केला जातो. प्रस्थापितांना ही मांडणी सोयीची आहे, कारण तीत व्यवस्थेला एकही प्रश्न विचारलेला नसतो. शोषितांच्या बाजूने इतिहास वाचला की चित्र निराळे दिसते. लाच लोभातून जन्मते हे खरे. पण ती पचते ती दप्तरामुळे. ज्याच्या हाती लेखणी आहे आणि ज्याचे लिहिलेले तपासण्याची सोय दुसऱ्या कोणालाच नाही, त्याचा लोभ हा खासगी दोष राहत नाही. त्याची सत्ता होते.

गावगाड्यात कुलकर्णी लिहीत असे आणि पाटील वसूल करीत असे. वसूल झालेला सारा तालुक्याच्या खजिन्यापर्यंत सुखरूप पोचविण्याचे काम महाराचे होते. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. सरकारचा पैसा ज्याच्या भरवशावर रानावनातून जात होता, त्याला त्या पैशाचा हिशेब वाचण्याची मुभा नव्हती. खजिना वाहणारा एक आणि हिशेब लिहिणारा दुसरा, ही फाळणी जातीने केली होती. आपल्याकडील सार्वजनिक भ्रष्टाचाराचा इतिहास या फाळणीपासून सुरू करावा लागतो.

हे प्रथम स्पष्टपणे मांडले जोतीराव फुले यांनी. 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी मामलेदार, कलेक्टर कचेरी, न्यायखाते आणि इंजिनिअर खाते यांतील ब्राह्मण कामगारांच्या कारभाराची झडती घेतली. बांधकामाची कंत्राटे त्यांनी स्वतः घेतली असल्याने ही टीका ऐकीव नव्हती. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हे विवेचन अधिक खोल जाते. गोरा अधिकारी ऐषआरामात दंग, म्हणून खालच्या कामगारावर विसंबून. आणि खालचा कामगार जातीने एकजूट, म्हणून निर्धास्त. शेतकऱ्यांत तंटा लावून द्यायचा, कज्जा कचेरीत न्यायचा, जबानी लिहून घेताना मुद्दे गाळायचे, हा सारा व्यवहार त्यांनी उघडा केला. ग्रंथाचे सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त आले आणि पुढचे थांबले. बहुजनांच्या पत्रालाही हे छापणे जड गेले, यातच त्या सत्तेचा धाक दिसतो.

जोतीरावांचा उपाय लक्षात घेण्यासारखा आहे. चांगला ब्राह्मण आणि वाईट ब्राह्मण अशी निवड ते करीत बसले नाहीत. सरकारी जागांवर ब्राह्मणांची भरती लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी, आणि शूद्रातिशूद्रांना लिहिता-वाचता यावे, ही त्यांची मागणी. १८८२ साली हंटर आयोगापुढे शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या वर्गाचे शिक्षण चालते, असे निवेदन त्यांनी केले. त्यांच्या दृष्टीने शाळा आणि कचेरी हे प्रश्न वेगळे नव्हतेच.

यानंतर काही वर्षांतच क्रॉफर्ड प्रकरण उद्भवले. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. पुढे तो पुण्यास मध्य विभागाचा कमिशनर झाला. बदली आणि बढतीसाठी तो मामलेदारांकडून पैसे घेतो, असा बोभाटा झाला. लॉर्ड रे यांच्या सरकारने १८८८ साली त्याला निलंबित करून चौकशी आयोग नेमला. साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले. आयोगाने लाचलुचपतीचा आरोप सिद्ध मानला नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका मात्र ठेवला, आणि क्रॉफर्डची नोकरी गेली. पुढे वाद पेटला तो मामलेदारांवरून. लाच दिल्याचे ज्यांनी कबूल केले, ते खुर्चीवर कसे राहतात, असा प्रश्न विलायतेत निघाला. १८८९ साली साक्षीदारांच्या संरक्षणासाठी खास कायदा झाला. तरी काहींना कामावरून दूर व्हावे लागले. सरकारने दिलेले वचन पाळावे, म्हणून पुण्यात सभा झाली आणि टिळकांनी मामलेदारांची बाजू जोरात मांडली.

वचनभंगाचा मुद्दा खोटा नव्हता. पण या गदारोळात एक माणूस गैरहजर होता. मामलेदाराने कमिशनरला दिलेला पैसा शेवटी कोणाच्या खिशातून यायचा? महसूल आणि फौजदारी असे दोन्ही अधिकार हाती असलेला माणूस बढती विकत घेतो, तेव्हा तो ती किंमत वसूल कोठून करणार, हे ओळखायला आयोगाची गरज नव्हती. तरीही वाद साहेबाचा की मामलेदाराचा, एवढाच राहिला. रयत फिर्यादी नव्हती, साक्षीदार नव्हती. ती या प्रकरणात पक्षकारच नव्हती. भ्रष्टाचारविरोधी चळवळ कोणाच्या दुःखातून उभी राहते, यावर तिचा शेवट ठरतो. क्रॉफर्डचे नाव मिरवणाऱ्या मुंबईच्या मंडईला आज महात्मा फुल्यांचे नाव आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजून क्रॉफर्डच आहे.

दप्तरालाच हात घातला तो राजर्षी शाहूंनी. १९१८ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, आणि त्या जागांवर अस्पृश्य तरुणांनाही बसविले. लेखणी वंशाने मिळते, हा नियम तेथे मोडला. त्यापाठोपाठ १९२८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. रात्री-अपरात्री कोणत्याही खात्याच्या अंमलदाराने महाराला बोलवावे, तो नसेल तर घरातल्या माणसाला राबवावे, आणि मोबदला नावापुरता द्यावा, हा रिवाज होता. सार्वजनिक अधिकाराचा हा सरळ सरळ खासगी उपभोग. पण कोणत्याही शिष्ट कोशात त्याला भ्रष्टाचार म्हटलेले नाही. पैसा चोरला की गुन्हा, आणि श्रम चोरले की परंपरा! ते विधेयक पार पडले नाही. ही वतने मुंबई राज्यात कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर दप्तराचे रूप बदलले. वहीच्या जागी हजेरीपत्रक आले, ज्याला मजूर मस्टर म्हणतात. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाईचा अंगठा मस्टरवर उमटतो. पण त्यावर आकडा किती, हे तिला कोण वाचून दाखवणार? या प्रश्नाचे उत्तर राजस्थानातील मजुरांनी शोधले. किमान वेतनासाठी लढणाऱ्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना या गावी पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कागद गावासमोर मोठ्याने वाचले गेले. कामावर कधीच न आलेल्यांची नावे निघाली, कागदावर पुरी झालेली अर्धवट कामे निघाली. १९९६ साली ब्यावर येथे माहितीच्या हक्कासाठी ४० दिवस धरणे चालले. महाराष्ट्रात २००२ चा कायदा अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर आला, आणि २००५ साली देशभराचा. जोतीरावांनी दाखविलेली वाट येथे पुढे गेली: ज्याला वाचता येत नाही त्यालाही हिशेब ऐकता येतो, आणि ऐकून खोटे म्हणता येते.

आपल्या चळवळीला आणखी एक कटू गोष्ट पचवावी लागेल. लेखणी दुसऱ्या जातीच्या हाती गेली म्हणून ती आपोआप स्वच्छ होत नाही. मातंग समाजाच्या उन्नतीसाठी स्थापन झालेल्या अण्णा भाऊ साठे विकास महामंडळातील अफरातफरीच्या आरोपावरून २०१५ साली त्याच्या माजी अध्यक्षाला अटक झाली. प्रतिनिधित्व ही पहिली पायरी होय. उघडे दप्तर ही दुसरी. दुसरी नसेल तर पहिली फक्त नवे कुलकर्णी घडवते.

आणि ते दप्तर आता पुन्हा मिटू लागले आहे. तळेगावच्या सतीश शेट्टी यांनी जमिनीचे व्यवहार उघड केले. २०१० साली त्यांचा खून झाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे एक कलम बदलले. पूर्वी सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल, किंवा खासगीपणावर अवाजवी आक्रमण होत असेल, तरच वैयक्तिक माहिती नाकारता येई. या बदलाने 'वैयक्तिक माहिती' एवढे कारण पुरेसे ठरविले. मस्टरवरचे नाव वैयक्तिक नाही तर काय? मोठे सार्वजनिक हित असेल तर माहिती देता येते, अशी तरतूद आहे. पण ते हित प्रथम ठरवणार तो दप्तर सांभाळणाराच.

म्हणून विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी सच्छील माणसाची वाट पाहत बसू नये. वस्तीच्या नावाने आलेला निधी, शिष्यवृत्तीची यादी, घरकुलांची यादी, हे कागद मागावेत आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत. पिढ्यान्‌पिढ्या आपण खजिना वाहिला. आता हिशेब वाचायचा आहे.