होपींची मेसावरची धाव

स्पॅनिश भाषेत ‘मेसा’ म्हणजे टेबल. माथा सपाट आणि कडा तुटलेल्या असा डोंगर स्पॅनिशांना टेबलासारखा दिसला. पाचगणीच्या पठाराला इंग्रजांनी टेबललँड म्हटले तेही त्याच नजरेने. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात ब्लॅक मेसा नावाच्या विस्तीर्ण पठाराची तीन टोके दक्षिणेकडे बोटांसारखी पुढे आली आहेत. पूर्वेकडून मोजत त्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा मेसा म्हणतात. होपी लोकांची जुनी गावे याच टोकांवर वसली आहेत. तिसऱ्या मेसावरचे ओरायबी आठ-नऊशे वर्षे नांदते आहे.

होपींच्या धावण्याचे मूळ या जागेच्या ठेवणीत सापडते. माथ्यावरच्या वालुकाश्मातून झिरपलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येते. म्हणजे घर वर, पाणी कड्याला आणि मक्याची शेते त्याहून खाली, कोरड्या ओढ्यांच्या मुखाशी. शेत कित्येकदा काही कोस लांब असे. घोडा स्पॅनिशांबरोबर आला. त्यांची पहिली तुकडी इथे पोचली १५४० साली. तोवर आणि पुढेही बराच काळ होपी पुरुष पहाटे कडा उतरून धावत शेतावर जात आणि काम आटोपून धावतच वर येत. निरोपही पायांवरूनच जात. १६८० साली या भागात गावे वसवून राहणाऱ्या प्वेब्लो लोकांनी स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला, तेव्हा धावपटूंनी गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव नेल्या. उरलेल्या गाठी म्हणजे उठावाला उरलेले दिवस. होपीही त्या उठावात होते.

या धावण्याला धार्मिक अंगही होते, आणि होपींच्या लेखी तेच मोठे. पाऊस बेताचा, त्यामुळे सगळी मदार ढगांवर. माणसे धावली की पाणीही तसेच ओढ्यांतून धावत येईल, ही श्रद्धा. वसंतात धावपटू पायाने चेंडू उडवत लांबवर पळत. पावसासाठीच्या सर्पनृत्य विधीच्या दिवशी पहाटे खालच्या मैदानातून गावापर्यंत शर्यत लागे. पुढे कोण आला याला मान होता, पण पाऊस यायचा तो सगळ्या गावासाठी. शर्यत म्हणजे एकाची जीत, ही आपल्या अंगवळणी पडलेली कल्पना इथे अपुरी पडते.

बाहेरच्या जगाला ही धाव कळली ती एका सक्तीमुळे. सरकारी शाळांना विरोध करणाऱ्या गटातल्या काही होपी तरुणांना १९०७ साली पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल या मूलनिवासी मुलांच्या सरकारी निवासी शाळेत नेण्यात आले. त्यांत दुसऱ्या मेसावरच्या शुंगोपावी गावचा लुइस टेवानिमा होता. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये तो नववा आला. १९१२ साली स्टॉकहोमला १०,००० मीटरमध्ये फिनलंडच्या हानेस कोलेहमाइननच्या मागे त्याने रौप्यपदक मिळवले. ज्या देशासाठी तो धावला, त्या देशाने मूलनिवासींना सरसकट नागरिकत्व दिले ते १९२४ साली. १०,००० मीटरमधले अमेरिकेचे पुढचे ऑलिंपिक पदक १९६४ सालचे. ते मिळवणारा बिली मिल्सही मूलनिवासीच, लकोटा जमातीचा, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

स्टॉकहोमनंतर टेवानिमा गावी परतला. शेती, मेंढ्या आणि धार्मिक विधी यांत त्याचे उरलेले आयुष्य गेले. लहानपणी तो आगगाड्या पाहायला विन्स्लो या रेल्वेच्या गावापर्यंत धावत जाई आणि परत येई, असे सांगतात. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, तेव्हा कथेत थोडी भर पडली असणे शक्य आहे. १९६९ साली एका विधीहून रात्री घरी परतताना तो कड्यावरून पडला आणि त्यातच गेला.

त्याच्या नावाची शर्यत १९७४ साली सुरू झाली. धाव पुढच्या पिढ्यांतही टिकली: १९९० ते २०१६ या काळात होपी हायस्कूलच्या मुलांनी क्रॉस-कंट्रीचे राज्य विजेतेपद सलग २७ वेळा जिंकले.