कापसाचा भाव आणि चीनची सरहद्द

औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारच्या नावातच बाजार आहे. भावाचा विषय निघाला की इथल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात पाऊस येतो, बोंडअळी येते, व्यापारी येतो, सरकार येते. चीन येत नाही. कापसापुरता तरी तो यायला हवा, असे माझे म्हणणे आहे. सव्वाशे वर्षांत किमान दोनदा आपल्या कापसाची वाट चीनशी निगडित निर्णयांनी बदलली, आणि दोन्ही वेळा त्यांमागे निव्वळ व्यापार नव्हता.

पहिला प्रसंग मुंबईचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या गिरण्या मोठ्या प्रमाणावर चिनी हातमागांसाठी जाडेभरडे सूत कातत. वऱ्हाड-दख्खनचा आखूड धाग्याचा कापूस त्याला चालत असे. जून १८९३ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. लंडनला पाठवायच्या रकमांचा बोजा वाढू नये म्हणून रुपयाची घसरण थांबवायची होती. चीनचा व्यवहार मात्र चांदीतच राहिला. रुपया चांदीपेक्षा महाग झाला आणि मुंबईचे सूत चिनी बाजारात महागले.

दोनच वर्षांनी जपानने चीनला युद्धात हरवले. एप्रिल १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने चीनच्या बंदरांत परकीयांना कारखाने काढायची मुभा मिळाली. १८९६ मध्ये जपानने कापसावरचे आयातशुल्क उठवले. त्याआधीच, १८९३ मध्ये, चढ्या जहाजभाड्याला तोड म्हणून जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीच्या साथीने मुंबई-जपान जहाजे सुरू केली होती. त्यामुळे आपला कापूस जपानला जाऊ लागला आणि जपानचे सूत चीनमध्ये मुंबईच्या सुताला मागे सारू लागले. १८९६ च्या प्लेगने गिरण्या ओस पाडल्या, ती आणखी भर. पहिल्या महायुद्धानंतर चीनची सूतबाजारपेठ मुंबईच्या हातून गेलीच. कापूस पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक उरले, पण कापसाचे सूत होताना जी कमाई होते ती दुसऱ्या देशात गेली.

दुसरा प्रसंग आपल्या डोळ्यांदेखत घडला. १९७२ पासून सुमारे तीन दशके महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. तिच्यात दोष पुष्कळ होते, पण जगाचा भाव थेट शेतकऱ्याच्या गाडीपाशी येत नसे. ती संपल्यावर तो येऊ लागला.

मार्च २०११ मध्ये जागतिक बाजारात कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला आणि मग कोसळला. चीनने मात्र त्याच वर्षी आपल्या शेतकऱ्यांकडून टनाला १९,८०० युआनने सरकारी साठ्यासाठी खरेदी सुरू केली. पुढच्या वर्षी दर २०,४०० केला. देशातला कापूस महाग पडल्याने चिनी गिरण्या बाहेरून घेऊ लागल्या. २०११-१२ मध्ये भारताने सुमारे १३० लाख गाठी निर्यात केल्या. त्यातला मोठा वाटा चीनला गेला. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने निर्यातबंदी घातली. कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विचारले नाही, अशी जाहीर नाराजी व्यक्त केली. आठवड्याभरात बंदी सैल करावी लागली.

चीनचा साठा एक कोटी टनांपुढे गेला, तेव्हा २०१४ मध्ये त्याने ती खरेदी थांबवली. आयातही आवळली. २०१४-१५ मध्ये आपली निर्यात ६० लाख गाठींच्या आत आली. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ४,०५० रुपये होता. बाजारभाव त्याच्या खाली घसरल्याने भारतीय कापूस महामंडळाला सुमारे ८७ लाख गाठी घ्याव्या लागल्या.

साठा थांबवल्यावर चीनने ठरावीक भावाची हमी पहिल्यांदा दिली ती शिनच्यांग प्रांताला. आज चीनचा सुमारे नव्वद टक्के कापूस तिथे पिकतो. १९५४ मध्ये सैन्यातून मोकळ्या केलेल्या शिपायांची एक संघटना तिथे उभारली गेली. शेती करायची आणि सरहद्द राखायची, अशी दोन्ही कामे तिच्याकडे होती. उइगुर मुसलमानांच्या या प्रांतात वस्ती, शेती आणि बंदोबस्त असे एकत्र वाढले. तिथला कापूसवाला नाराज होणे बीजिंगला परवडणारे नाही. याच शिनच्यांगला तिबेटशी जोडणारा रस्ता अक्साई चीनमधून काढून चीनने १९५७ मध्ये पुरा केला. १९६२ च्या युद्धाचे ते एक मोठे कारण ठरले. जून २०२२ पासून अमेरिकेने, सक्तीच्या मजुरीच्या कारणाने, शिनच्यांगचा माल जवळपास बंद केला आहे. जगातले कापड-व्यापारी त्यामुळे दुसरीकडचा कापूस शोधू लागले. त्याचा लाभ आपल्याला होऊ शकतो, पण तोही पुन्हा दुसऱ्याच्या भांडणातून आलेला.

सरहद्दीची बातमी आपण देशाभिमानाने वाचतो आणि कापसाचा भाव पोटाच्या काळजीने. पण शिनच्यांगचे नाव दोन्हीकडे आहे. चीन सरकारी साठा बाजारात कधी सोडणार, आयातीचा कोटा किती, हे आकडे जाहीर होतात. पावसाच्या अंदाजाबरोबर तेही जवळा बाजारच्या फळ्यावर लिहिले, तर निदान पेरणीआधी, कापूस लावायचा की सोयाबीन, हे ठरवताना शेतकऱ्याच्या हाताशी काही असेल. २०१४ च्या दिवाळीत ते नव्हते.