श्वानासह समुद्राकडे : विष्णुपुरी ते कोकण किनारा, चाकांवरच्या घरातून

दसऱ्याचे सोने लुटून झाले, गोदावरीचे गढूळ पाणी निवळू लागले आणि विष्णुपुरीच्या जलाशयावरून पहाटेचा गार वारा वाहू लागला, की नांदेडकरांना सुटीचे वेध लागतात. मराठवाड्याच्या माणसाला समुद्राची ओढ जरा अधिकच. कारण तो त्याच्या वाट्याला आलेला नाही. मात्र घरात कुत्रा असेल तर सारे बेत एकाच प्रश्नापाशी अडतात : याला कुठे ठेवायचे? रेल्वेत त्याला जागा मिळते ती वातानुकूलित प्रथम वर्गाच्या राखीव कूपेत, नाही तर गार्डच्या डब्यातील पेटीत. बहुतेक हॉटेलांच्या दारातून त्याला परतवले जाते. दिवाळीत घरी एकटा ठेवावा, तर फटाक्यांच्या भयाने साखळी तोडून पळालेली कुत्री दरवर्षी हरवतात. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासचे. त्यामुळे आपल्याला जो केवळ आवाज, तो त्याच्यासाठी आघात असतो.

या अडचणीवर कॅराव्हॅन, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतेची सोय असलेले वाहन, हा चांगला तोडगा ठरू शकतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून हा शब्द शहरी वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. परंतु चाकांवरचे घर मिळाले म्हणजे कुत्र्याचा प्रवास सुखाचा झाला, असे नव्हे. वेळापत्रक त्याच्या प्रकृतीच्या मापाने आखले, तरच ही सहल दोघांनाही लाभते. तसे न केल्यास ती त्याच्या जिवावर बेतू शकते.

तांड्याची जुनी वाट

कुत्र्यासह समुद्राकडे जाणारा काफिला ही दख्खनला नवी गोष्ट नाही. मीठ पिकते किनाऱ्यावरच्या मिठागरांत आणि लागते देशावरच्या घराघरांत. रेल्वे येण्यापूर्वी ही ने-आण बैलांच्या पाठीवरून होत असे आणि ती करणारे होते बंजारा, अर्थात लमाण. 'लमाण' हे नावच लवणावरून आले, असे मानले जाते. पावसाळ्यात तांडा एका जागी मुक्काम करी. पाऊस सरून वाटा वाळल्या की पुन्हा चालू लागे. धान्य घाटाखाली उतरे, मीठ घाटावर चढे. रात्री बैल आणि गोण्या यांची राखण कुत्री करीत. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली, पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ती नांदेडलाही पोहोचली आणि बैलांचा व्यापार मोडला. नांदेड, हिंगोली, यवतमाळ, लातूर या जिल्ह्यांतील तांडे आज स्थिर वस्त्या झाले आहेत.

या काफिल्यांची आठवण एका जातिवंत कुत्र्याच्या नावात टिकली आहे. सडपातळ अंगाचा, लांब मुस्कटाचा, खोल छातीचा आणि वाऱ्यासारखा धावणारा कारवानी कुत्रा लातूर-नांदेडच्या ग्रामीण भागात आजही आवडीने पाळला जातो. कान, पाय आणि शेपटी यांवर रेशमी केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी त्याची नोंद 'कॅराव्हॅन हाउंड' अशी आहे. कर्नाटकात मुधोळ संस्थानाच्या नावाने ओळखला जाणारा मुधोळ हाउंड याचाच सख्खा. टपाल खात्याने २००५ मध्ये भारतीय श्वानांवर काढलेल्या चार तिकिटांत त्याला स्थान मिळाले. घरी कारवानी असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा नजरेने शिकार हेरणारा प्राणी आहे. ससा दिसला की मालकाची हाक त्याच्या कानी पडत नाही. अनोळखी प्रदेशात त्याला मोकळे सोडणे म्हणजे गमावणेच होय.

वाट आणि मुक्काम

विष्णुपुरीहून समुद्राकडे जाण्यासाठी वाट शोधावी लागत नाही. विद्यापीठाजवळून जाणारा नांदेड-लातूर रस्ता हा नागपूर व रत्नागिरी यांना जोडणाऱ्या महामार्गाचाच भाग आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी असा हा सहाशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा पल्ला आहे. एकटा चालक तो एका दमात गाठू पाहतो. कुत्रा सोबत असताना त्याचे तीन भाग करावेत : पहिला मुक्काम सोलापूर, दुसरा कोल्हापूर आणि तिसऱ्या दिवशी घाट उतरून समुद्र. दर दोन तासांनी थांबून त्याला सावलीत फिरवावे व पाणी पाजावे.

वाहन भाड्याचे असल्यास कुत्रा नेण्याची परवानगी करारात लेखी नमूद करून घ्यावी. जुन्या व्हॅनचे स्वतःच घर करण्याचा बेत असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ पाहावे. परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय केलेल्या फेरबदलांमुळे अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

निघण्याआधीची तयारी

प्रवासाचा सराव घरापासून सुरू करावा. ज्या कुत्र्याने गाडी पाहिली ती केवळ दवाखान्यात जाण्यासाठी, त्याला ती भयाचीच वस्तू वाटणार. पंधरवडाभर आधी त्याला उभ्या गाडीत जेवू घालावे, मग विष्णुपुरीच्या परिसरात अर्ध्या तासाच्या फेऱ्या माराव्यात आणि एक रात्र गाडीतच काढून पाहावी. चालत्या गाडीत त्याला पिंजऱ्यात किंवा छातीच्या पट्ट्याने आसनाला बांधून बसवावे. खिडकीतून डोके बाहेर काढलेला कुत्रा छायाचित्रात शोभतो. अचानक ब्रेक लागला की तो फेकला जातो.

निघण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तर वाटेतील तालुक्यांच्या गावी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. रेबीजची लस दिल्याची नोंदवही जवळ असलीच पाहिजे. कोकणासाठी लेप्टोस्पायरोसिसची लसही तितकीच महत्त्वाची. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून पसरणारा हा रोग पावसाळा आणि त्यानंतरच्या काळात किनारी जिल्ह्यांत आढळतो व तो माणसालाही होतो. भातखाचरातले साचलेले पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये. गोचिडांवरचे औषध निघण्याआधीच लावावे; सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात २०१६ पासून आढळलेला माकडताप गोचिडांमुळेच पसरतो.

दिवाळीचा फराळ हाही एक छुपा धोका आहे. बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. बेदाण्यांचे लाडू, चॉकलेट आणि कांदा त्याच्यापासून दूर ठेवावेत. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन यांसारखी औषधे मनाने देऊ नयेत.

खरा शत्रू : बंद गाडीतील ऊन

या प्रवासातील सर्वांत मोठे संकट समुद्रात नाही, ते ढाब्यासमोरच्या वाहनतळावर आहे. पावसाने निरोप घेतल्यावर आकाश निरभ्र होते आणि 'ऑक्टोबर हीट'चा ताव सुरू होतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान अवघ्या दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढू शकते. बाहेर ३३ अंश असतील, तर 'पटकन चहा घेऊन येतो' म्हणून गेलेला मालक परतेपर्यंत आत ४३ झालेले असतात. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून शरीर थंड करतो. भोवतालची हवाच तापलेली असेल, तर ही युक्ती चालत नाही. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा होऊ लागते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जाती, वृद्ध आणि लठ्ठ कुत्री यांना हा धोका अधिक. अखंड धाप, दाट लाळ, गडद लाल हिरड्या, अडखळती चाल, उलटी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याला तातडीने सावलीत न्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पाजावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा शासकीय क्रमांक आहे.

कॅराव्हॅनच्या वातानुकूलनावर विसंबून त्याला आत एकटे ठेवणे हीदेखील चूकच. इंजिन बंद पडले, विजेचा पुरवठा तुटला, की घराची भट्टी होते. म्हणून पहाटे निघावे, अकरा ते चार या वेळात गर्द सावलीखाली विसावा घ्यावा आणि कुटुंबातील एक जण सदैव कुत्र्याजवळ असावा.

किनाऱ्यावर

रत्नागिरीहून उत्तरेला आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड अशी वाट जाते. जयगडहून तवसाळला आणि पुढे धोपाव्याहून दाभोळला गाडी फेरीबोटीतून पलीकडे नेता येते. मधे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर लागतात. दाभोळनंतर दापोली, आंजर्ले, केळशी आणि त्यापुढे वेळास. बोटीत चढताना-उतरताना कुत्र्याचा पट्टा हाती घट्ट असावा. इंजिनाच्या घरघरीने तो बिथरतो.

गाडी वाळूवर उतरवण्याचा मोह टाळावा. अमावास्या आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण येते. कोजागिरीचे चांदणे पाहायला पुळणीवर नेलेली जड गाडी वाळूत रुतली आणि त्याच वेळी भरती लागली, तर ती वाचवणे कठीण. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते; तेव्हा पाणी कमी चढते. शिवाय शरदातही अरबी समुद्र अवचित खवळतो. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' आणि ऑक्टोबर २०१९ मधील 'क्यार' ही वादळे याच ऋतूतली. हवामान खात्याचा इशारा पाहूनच किनारी मुक्काम करावा.

लाटांशी खेळताना कुत्रा खारे पाणी पितो. ते अधिक झाले तर उलट्या, जुलाब, प्रसंगी झटकेही येतात. त्यामुळे दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला गोडे पाणी पाजावे आणि खेळ संपल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ घालावी. वाळत घातलेली मासळी, जाळ्यांतले गळ, किनाऱ्याला लागलेले जेलीफिश यांच्यापासून त्याला लांब ठेवावे. ती मासळी कोणाच्या तरी वर्षभराची बेगमी असते, याचेही भान हवे.

सर्वांत मोठी जबाबदारी मात्र समुद्री कासवांची. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि कुत्र्याच्या नाकाला ती सहज सापडतात. वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने हे काम उभे केले आणि पुढे ते गुहागर, आंजर्ले अशा अनेक किनाऱ्यांवर पोहोचले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश आहे. लाडक्या पाहुण्याने दोन मिनिटांत उकरलेले एक घरटे म्हणजे गावाच्या कित्येक रात्रींच्या पहाऱ्यावर पाणी. म्हणूनच दिवाळीनंतर या किनाऱ्यांवर कुत्रा पट्ट्यानेच फिरवावा, सूर्यास्तानंतर वाळूवर नेऊ नये आणि त्याची विष्ठा उचलावी. अभयारण्यांत व राष्ट्रीय उद्यानांत तर त्याला नेताच येत नाही.

मुक्कामाची रात्र

तांड्याची कुत्री रात्री बाहेर पहारा देत. आजच्या पाळीव कुत्र्याला बाहेर बांधून आपण गाडीत झोपणे अत्यंत धोक्याचे आहे. आंबा घाटापासून किनाऱ्यावरच्या आमराईपर्यंत बिबट्याचा वावर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराच्या वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के आढळला होता. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळण्याचीही संधी नसते. दिवस मावळला की त्याला आत घ्यावे. रात्री बाहेर काढायचेच झाले, तर विजेरी आणि पट्टा हाती घेऊन. गाडीत गॅस पेटवताना व झोपताना हवा खेळती राहील, हेही पाहावे.

कुत्रा कोणाला चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालयात लस घ्यावी. मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा होऊ शकतो. कुत्र्याला परमुलखात सोडून देणे हा तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे.

घरी परतल्यावर दोन आठवडे त्याच्या कानांच्या मागे व बोटांच्या मधे गोचिडी तपासाव्यात. तो मलूल झाला, अन्न सोडले किंवा घरातील कोणाला ताप आला, तर डॉक्टरांना कोकणात जाऊन आल्याचे आवर्जून सांगावे. तोवर मार्गशीर्ष लागलेला असतो. वद्य चतुर्दशीला याच लातूर रस्त्यावर, लोह्याच्या पुढे, माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्याबरोबर तिथे कुत्र्यांचेही प्रदर्शन असते. जातिवंत कारवानी आणि पश्मी पाहायचे असतील, त्यांना जिवापाड जपणाऱ्या माणसांकडून चार गोष्टी शिकायच्या असतील, तर पुढच्या शरदाच्या प्रवासाची तयारी तिथूनच सुरू करता येईल.