आइस हॉकीचा पहिला सामना पाहताय? पकवर लक्ष ठेवा

अमेरिका किंवा कॅनडात एनएचएलचा सामना पाहायला जाणार असाल, तर जॅकेट सोबत घ्या. 20 मिनिटांचे तीन भाग असतात. मध्यंतरं धरून अडीच तास सहज जातात. एकाच खेळाडूने तिसरा गोल केला की प्रेक्षक टोप्या बर्फावर फेकतात. आवडती टोपी असेल तर विचार करा!

खरी काळजी पकची. ही सुमारे 170 ग्रॅमची कडक रबरी चकती ताशी 160 किमी वेगाने येऊ शकते. मार्च 2002 मध्ये कोलंबसला प्रेक्षकांत उडालेला पक लागून 13 वर्षांच्या मुलीचा दोन दिवसांनी मृत्यू झाला. त्यानंतर लीगने दोन्ही गोलांमागे जाळी सक्तीची केली. बाजूच्या काचेवर मात्र सहसा जाळी नसते. तिथे बसलात तर खेळ सुरू असताना मोबाईल खिशातच बरा.