पडद्यावर न दिसणे : रडारला दिलेल्या चकव्यांचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिले. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातले जुने उदाहरण आपण बराच वेळ घोळवले. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारले, "सर, आजच्या काळातले एखादे उदाहरण नाही का?" आहे ना. आणि ते आम्हाला घरातच सापडले.

आमचा नातू अभियांत्रिकीला आहे. सुट्टीत आला की रात्री उशिरापर्यंत संगणकावर लढाऊ विमान उडवत बसतो. परवा आम्ही पाणी प्यायला उठलो, तर स्वारी जागीच. आम्हाला बघून म्हणाला, "आजोबा, समोरच्या विमानाच्या रडारवरून मी आत्ता गायब झालो." आम्ही म्हटले, "ढगात शिरलास की काय?" तर म्हणतो, "छे हो आजोबा, ढगात लपून काय होणार? फक्त काटकोनात वळलो."

आता काटकोनात वळल्याने कुणी गायब कसे होईल? आम्ही खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो. आजचे व्याख्यान त्या रात्रीतून निघाले आहे.

तो उडवत होता त्या सिम्युलेटरचे नाव फाल्कन ४.०. १९९८ साली अमेरिकेतल्या मायक्रोप्रोज कंपनीने तो काढला. एफ-१६ विमान, कोरियाचे युद्धक्षेत्र आणि सोबत सहाशे पानांच्या घरातली जाडजूड माहितीपुस्तिका. वर्षभरात तो बनवणारा विभाग बंद पडला. २००० साली त्याची मूळ संगणकीय संहिता बाहेर फुटली आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो खेळ जणू दत्तक घेतला. नवी विमाने, नवी क्षेपणास्त्रे, नवे प्रदेश, अशी भर ते आजही घालताहेत. या भरीला ॲड-ऑन म्हणतात.

आता मुद्दा बघा. समजा तुम्हाला या खेळात एक नवे रडार घालायचे आहे. तुम्ही काय लिहाल? त्याला किती किलोमीटरवरचे दिसते, एवढे पुरत नाही. त्याला काय दिसत नाही, कधी दिसत नाही, कशाने ते फसते, हे सगळे ओळीओळीने लिहावे लागते. रडारची नक्कल करायची म्हणजे त्याच्या आंधळेपणाची नक्कल करायची. आणि हा आंधळेपणा कुठून येतो ते समजून घ्यायचे तर इतिहासात जावे लागते.

रडारचे तत्त्व साधे आहे. रेडिओ लहर सोडायची, ती कशावर तरी आपटून परत आली की प्रतिध्वनी टिपायचा. जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते. म्हणजे रडारला विमान दिसत नाही हो, प्रतिध्वनी मिळतो. 'तिथे विमान आहे' हे अनुमान आहे. आणि जिथे अनुमान आले, तिथे हेत्वाभास आलाच. धुके पाहून धूर समजणे, तशातला प्रकार.

हे धुके मुद्दाम तयार करण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये आकाराला आली. १९४२ मध्ये जोन करन या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर प्रयोग केले. रडारच्या तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची धातूची पट्टी त्या लहरींना जोरदार प्रतिसाद देते. जर्मनांच्या वुर्झबुर्ग रडारची तरंगलांबी साधारण ५३ सेंटिमीटर. तेव्हा कागदाला ॲल्युमिनियमचा वर्ख लावून २७ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापायच्या आणि विमानातून गठ्ठ्यागठ्ठ्याने सोडायच्या. हवेत तरंगणारा प्रत्येक ढग पडद्यावर विमानासारखा दिसतो. या युक्तीचे सांकेतिक नाव होते 'विंडो'. आज अशा पट्ट्यांना चॅफ म्हणतात, आणि सिम्युलेटरमध्ये त्या सोडायला एक कळ असते.

पण खरी गंमत पुढे आहे. पट्ट्या १९४२ मध्येच तयार होत्या. त्या वापरल्या गेल्या जुलै १९४३ मध्ये. का थांबले? तर आपण वापरल्या की शत्रूला युक्ती कळेल आणि तो त्याच आपल्यावर उलटवेल ही भीती. आणि तिकडे जर्मनांनी हीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधलेली होती. त्यांचे नाव 'ड्युपेल'. त्यांनाही तीच भीती! गोअरिंगने त्यावरचे काम दाबून टाकले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशा दोन झाकल्या मुठी समोरासमोर, आणि दोन्ही मुठींत एकच वस्तू. त्या सव्वा वर्षात ब्रिटनची शेकडो बॉम्बफेकी विमाने पडली. न वापरण्याच्या निर्णयालाही किंमत होती, आणि ती विमानांतल्या पोरांनी मोजली.

अखेर चर्चिल यांनी परवानगी दिली. २४ जुलै १९४३ च्या रात्री ७९१ विमाने हॅम्बर्गकडे निघाली. प्रत्येकातून दर मिनिटाला पट्ट्यांचा एक गठ्ठा. जर्मनांची व्यवस्था अशी होती की आकाशाचे चौकोन पाडलेले, प्रत्येक चौकोनात रडार, आणि जमिनीवरचा नियंत्रक एका वैमानिकाला एका विमानावर नेऊन सोडणार. अत्यंत शिस्तशीर. त्या रात्री पडद्यावर हजारो विमाने उगवली. शोधदिवे आकाशात भरकटू लागले, तोफा अंदाजाने डागल्या गेल्या. ७९१ पैकी १२ विमाने पडली.

लक्षात घ्या, ब्रिटिश विमाने अदृश्य झाली नव्हती. उलट दिसणे फार झाले होते. लपण्याचा हा पहिला मोठा धडा: समोरच्याचे डोळे झाकावे लागत नाहीत, त्याच्या अनुमानातला हेतू बिघडवला की पुरते.

आता नातवाच्या काटकोनाकडे येऊ. युद्धानंतर विमाने जमिनीलगत उडून लपू लागली. खाली पाहणाऱ्या रडारला डोंगर, झाडे, इमारती यांचे इतके प्रतिध्वनी मिळतात की विमान त्यात हरवते. यावर डॉप्लर तत्त्वाचा उपाय निघाला. आगगाडी शिट्टी वाजवत जवळ येते आणि पुढे निघून जाते तेव्हा शिट्टीचा सूर बदलतो, तेच तत्त्व. जे आपल्याकडे येते किंवा आपल्यापासून दूर जाते, त्याच्या प्रतिध्वनीची वारंवारता बदलते. रडारने जमिनीच्या वेगाचे सगळे प्रतिध्वनी गाळून टाकायचे आणि उरेल ते विमान समजायचे. लढाऊ विमानांत ही रडारे १९६० आणि ७० च्या दशकांत रुळली.

पण गाळणी आली की गाळणीचा नियम आला. विमान जर रडारच्या दृष्टिरेषेला बरोबर काटकोनात उडू लागले, तर क्षणभर ते ना जवळ येते, ना दूर जाते. त्या दिशेने त्याचा वेग जमिनीइतकाच भासतो, आणि रडार त्याला जमीन समजून टाकून देते. याला वैमानिक 'नॉच' म्हणतात. नातू गायब झाला तो असा. रडारपर्यंत त्याचा प्रतिध्वनी पोचत होता. रडारनेच ठरवले होते की असल्या प्रतिध्वनीकडे लक्ष द्यायचे नाही.

असेच माणसांच्या बाबतीतही झाले आहे. २८ मे १९८७ ला माथियास रुस्ट नावाचा अठरा वर्षांचा जर्मन मुलगा हेलसिंकीहून एक छोटे सेस्ना विमान घेऊन निघाला आणि थेट मॉस्कोत, लाल चौकाशेजारी उतरला. सोव्हिएत रडारना तो दिसला होता! पण हे आपलेच एखादे विमान असावे असे म्हणून त्याला सोडून दिले गेले. संरक्षणमंत्र्यांची खुर्ची गेली.

इथे आम्हाला आपल्याकडचे मीमांसक आठवतात. कुमारिल भट्टांच्या परंपरेत 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. जमिनीवर घट नाही हे कसे कळते? असता तर दिसला असता; दिसत नाही, म्हणून नाही. पण याला एक अट आहे: उजेड हवा, डोळे धड हवेत आणि वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधारात घट दिसला नाही, यावरून तो नाही असे ठरत नाही. आणि पिशाच्च दिसत नाही यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण ते मुळात दिसण्याजोगेच नाही.

स्टेल्थ विमान म्हणजे असे पिशाच्च बनवण्याचा प्रयत्न. त्याचे गणित प्योत्र उफिमत्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये उघड प्रसिद्ध केले होते. त्यावरून अमेरिकेतल्या लॉकहीडच्या लोकांनी एफ-११७ चा आकार ठरवला. लहर परत न जाता भलतीकडे जावी, असे त्याचे सपाट कोनाकोनांचे अंग. १९८८ मध्ये मायक्रोप्रोजने एफ-१९ स्टेल्थ फायटर हा खेळ काढला, तेव्हा खऱ्या विमानाचे तपशील अजून गुप्तच होते. त्या खेळात एक पट्टी असे, आपण शत्रूच्या रडारला या क्षणी किती दिसतो ते दाखवणारी. खऱ्या वैमानिकाला हे इतक्या नेमकेपणाने कधी कळत नाही.

२७ मार्च १९९९ ला सर्बियात बुजानोव्हत्सी गावाजवळ एफ-११७ पाडले गेले. पाडणाऱ्या तुकडीचे प्रमुख झोल्तान दानी. त्यांच्याकडचे पी-१८ रडार जुनाट, लांब तरंगलांबीचे. पण त्या लांब लहरींना कोनांची ती युक्ती तितकीशी फसवत नाही. शिवाय रडार थोडे सेकंद चालू करायचे, बंद करायचे आणि जागा बदलायची, ही त्यांची शिस्त. म्हणजे लपणाऱ्याला शोधणारेही लपून बसले होते. विमानातून सुखरूप बाहेर पडलेले वैमानिक डेल झेल्को पुढे २०११ मध्ये दानींना भेटले. दानी तेव्हा आपल्या गावी बेकरी चालवत होते. दोघांची मैत्री झाली. पडद्यावरचा ठिपका माणूस व्हायला बारा वर्षे लागली.

आता शेवटचा मुद्दा, आणि खरे सांगायचे तर त्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. डॉप्लर रडारच्या दृष्टीने जमीन म्हणजे गोंगाट, गाळून टाकायची गोष्ट. रडारला तसे करावेच लागते. सिम्युलेटरलाही तसे करावे लागते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण इतिहास वाचताना आपणही तीच गाळणी लावतो. हॅम्बर्गच्या पहिल्या रात्रीचा हिशेब विमानांत मांडला तर ७९१ पैकी १२, म्हणजे मोठे यश. तीनच रात्रींनी, २७ जुलैला, त्याच पट्ट्यांच्या आडून विमाने पुन्हा आली. कोरडी, तापलेली हवा होती. हामरब्रूकसारख्या कामगारवस्त्यांत आगीचे वादळ उठले. त्या आठवड्यात शहरात साधारण ३५ ते ४० हजार माणसे मेली. आग पट्ट्यांनी लावली नाही. पण पट्ट्यांची गोष्ट सांगताना ही माणसे गाळली, तर आपले ज्ञान रडारएवढेच राहील.

त्या रात्री उठण्यापूर्वी आम्ही नातवाला विचारले, "तू वळलास तेव्हा खाली काय होते रे?" त्याने पडद्याकडे पाहिले. म्हणाला, "खाली? जमीन होती, आजोबा."

इथे थांबतो. कुणाला काही विचारायचे असेल तर जरूर विचारा.